आषाढाच्या तोंडावर दोन खोल्या

१९ जून २०२५, गुरुवार. ढगाळ, पाऊस नाही. बोअरचं पाणी पावणेसातला सोडलं, बावीस मिनिटं आलं. शिकवणीला चार मुली आल्या, एक आली नाही. दुपारी भाकरी आणि मुगाची उसळ. साडेचारला महादेवप्पा आले. रविवारपर्यंत खोल्या रिकाम्या करून द्या म्हणाले. चहा घेतला, दोन कप.

एवढं लिहून उमादेवींनी पेनाला टोपण लावलं. गुलबर्ग्याच्या कॉन्व्हेंटात त्या शिकत होत्या तेव्हा एका सिस्टरनं सांगितलं होतं की डायरीत घडलं ते लिहावं, वाटलं ते लिहू नये. सोळाव्या वर्षापासून आज चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत त्यांनी हा नियम मोडला नाही. त्यामुळे महादेवप्पाविषयी त्यांचं खरं मत त्यांच्या अठ्ठावन्न वह्यांपैकी एकीतही सापडणार नाही. तिथे तो नेहमी ‘आले’ आणि ‘म्हणाले’. मनात मात्र तो एकवीस वर्षं एकेरीतच होता.

महादेवप्पा मूळचा मन्नाएखेळ्ळीचा. हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान होतं. रस्त्यावर खिळे तोच टाकायचा असं लोक म्हणत. उमादेवींना ते खोटं वाटे, कारण महादेवप्पा खिळा फुकट टाकणाऱ्यातला नव्हता. पुढे बायकोच्या वाटणीची जमीन विकून तो कमलनगरला आला, बी-बियाणांचं दुकान घातलं आणि मागच्या जागेत ओळीनं खोल्या बांधल्या. बांधल्या म्हणजे भिंती उभ्या केल्या आणि वर पत्रे टाकले. बोअरच्या मोटारीचं बटण त्यानं स्वतःच्या पलंगाशेजारी बसवून घेतलं. भाडेकरूंचं पाणी किती मिनिटं यायचं ते त्याच्या झोपेवर ठरे. सामायिक संडासातला दिवा सकाळी काढून तो खिशात घालून नेई आणि संध्याकाळी परत लावी. सरकारनं घरगुती वीज दोनशे युनिटपर्यंत फुकट केली, बिल शून्य यायला लागलं, तरी लाइटचे म्हणून दर महिन्याला तीनशे तो घेतच राहिला. कुणी विचारलं तर म्हणे, “वायर माझी हाय का न्हाई?”

आणि हाच माणूस दर सोमवारी गावातल्या लिंगायत शरणांच्या बैठकीत कपाळभर विभूती लावून पुढच्या रांगेत बसे. दिवस-वार, मुहूर्त, शकुन-अपशकुन हे सगळं थोतांड आहे, बसवण्णांनी ते आठशे वर्षांपूर्वीच उडवून लावलंय, असं दोन्ही हात वर करून सांगे. घरी मात्र त्याची बायको पार्वतम्मा शनिवारी झाडू विकत घेऊ देत नसे आणि तो घेतही नसे.

उमादेवी या खोल्यांत आल्या त्या नवरा गेल्यावर. त्यांचे यजमान शिवराज कापसाच्या सहकारी जिनिंग सोसायटीत मॅनेजर होते. सोसायटी बुडाली, मागोमाग तेही गेले. पेन्शन नाही, मूलबाळ नाही. पोस्टात ठेवलेल्या थोड्या पैशांचं व्याज आणि गल्लीतल्या मुलांना इंग्रजी शिकवून मिळेल ते, एवढ्यावर त्यांचं चाले. पुढची खोली शिकवणीची, मागची राहण्याची. भाडं अठराशे.

मग कमलनगर तालुका झालं. ऑफिसं आली, ऑफिसांबरोबर साहेब आणि क्लार्क आले, आणि गावातल्या घरमालकांना एकाएकी गणित यायला लागलं. पूर्वी भाडं ठरवताना लोक खोली बघत, आता पगार विचारू लागले. पगारात घरभाडं म्हणून जेवढं मिळतं तेवढंच खोलीचं भाडं, हा इथला नवा हिशेब. ज्याच्या पगारात असलं काही नसतं, ज्याला पगारच नसतो, त्यानं कुठं राहायचं याचा हिशेब मात्र कुणी मांडला नव्हता.

त्या गुरुवारी महादेवप्पा आला तो शिकवणीच्या सतरंजीवर मांडी घालून बसला.

“अक्का, एक इंजिनिअर साहेब आलेत तालुक्याला. साडेसहा हजार द्यायला तयार हायेत. त्यास्नी ह्याच खोल्या पसंत पडल्यात.”

“ह्याच?”

“कोपऱ्यावरच्या हायेत नव्हं. जीप लागती दारात.” त्यानं चहा बशीत ओतला. “साहेबांच्या घरच्यांना सोमवारी दूध उतू घालायचंय. मंगळवार त्यास्नी चालत न्हाई, बुधवारी अमावस्या, आन् गुरुवारपासनं आषाढ. तवा रविवारी तुमी मोकळं करून द्या.”

इकडे नव्या घरात पाऊल टाकलं की आधी चुलीवर दूध ठेवतात आणि ते उतू जाऊ देतात, मगच सामान आत येतं. आणि आषाढात कुणी घर बदलत नाही. क्लार्क असो की कलेक्टर, आषाढ लागला की टेम्पोवाले घरी झोपा काढतात.

“एकवीस वर्षांनंतर तीन दिवस,” उमादेवी म्हणाल्या.

“असं कामून बघायलात अक्का? मी काय तुमाला रस्त्यावर टाकायलोय व्हय? गावात खोल्या का थोड्या हायेत?” दुसऱ्या कपाकडे बघत तो म्हणाला, “आन् ते डिपॉझिटचं. पाच हजार हायेत तुमचे. त्यातनं रंगाचे तीन कापावे लागतील. जाताना भाडेकरूनं रंग देऊन जायचं, ही रीतच हाय आपल्याकडं. खिळ्यांची भोकं मी मोजत न्हाई, जाऊ द्या.”

खिळ्यांची भोकं त्यानं मोजली होती. बोलता बोलता त्याची नजर भिंतीवरून फिरत होती आणि ओठ हलत होते, हे उमादेवींनी पाहिलं होतं.

शुक्रवारी त्या खोली शोधायला निघाल्या. सोबत शेजारच्या खोलीतली रेणुका होती. रेणुका आशा वर्कर, घरोघरी जाणारी, त्यामुळे कुणाकडे काय रिकामं आहे हे तिला ठाऊक.

पहिली जागा गोठा होती. मालकीण तिला ‘सिंगल रूम’ म्हणत होती, पण शेणाच्या वासाला ते कुणी सांगितलेलं नव्हतं. गव्हाणीवर पांढऱ्या फरशा बसवल्या होत्या.

“किचन कट्टा तयारच हाय बगा,” मालकीण म्हणाली. “चार हजार.”

“इथले बैल कुठं गेले?” उमादेवींनी विचारलं.

“इकले की.”

“बरोबर. त्यांना परवडलं नसेल.”

रेणुकानं पदर तोंडाशी धरला. मालकिणीला काही कळलं नाही. तिनं पाण्याचे दोनशे वेगळे सांगितले.

दुसरी जागा बरी होती. स्वच्छ, वारा येणारी, अडीच हजारांत. उमादेवींच्या मनात येऊन गेलं की व्याजातले थोडे आणि आणखी दोन मुली शिकवणीला मिळाल्या तर जमेल. मालक दारूच्या वासाचा नव्हता, गोड बोलत होता. त्यानं त्यांना पाणी दिलं, मग वय विचारलं, मग घरात कोण कोण आहे ते विचारलं, आणि मग मान खाजवायला लागला.

“तसं काई न्हाई अक्का. पन तुमी एकट्या. उद्या काई कमी-जास्त झालं, आन् ते नेमकं पंचकात झालं, तर घर सहा म्हैने बंद ठेवावं लागतंय. भाडं कोन देनार मला?”

“एवढंच ना? मी तुम्हाला दिवस विचारून मरेन.”

“तसं न्हाई ओ अक्का...”

“मग काय, मेल्यावरचं सहा महिन्यांचं भाडं आधी देऊ?”

त्या माणसाच्या डोळ्यांत क्षणभर खरोखरच विचार चमकला. उमादेवींनी तो पाहिला आणि तांब्या खाली ठेवून उठल्या. रस्त्यात रेणुकाची पावलं मागे पडू लागली.

“काय गं?”

“अक्का, मला बी आता कळायलंय. मी बी एकदा म्हातारी व्हनार न्हवं का.”

“आधी खोली टिकव. मग म्हातारी हो.”

शनिवारी आणखी तीन जागा झाल्या. कुठे पगाराची पावती मागितली, कुठे मुलगा काय करतो विचारलं, एका ठिकाणी तर बाईनं दार पुरतं उघडलंच नाही. संध्याकाळी उमादेवी मागच्या खोलीत पाटावर बसल्या. गुडघे ठणकत होते. समोर रंगाच्या दुकानानं दिलेलं कॅलेंडर होतं. तिथी, वार, अमावस्येचा काळा गोल. कॉन्व्हेंटातून बाहेर पडल्यापासून त्यांनी कॅलेंडराचा तेवढा भाग वाचलाच नव्हता. नवरा असताना, घरात सासू असतानासुद्धा त्या म्हणत, दिवस चांगला-वाईट नसतो, माणसं असतात. त्या दिवशी मात्र त्यांनी तो भाग चष्मा पुसून नीट वाचला. सोमवार. मंगळवार. काळा गोल. आषाढ.

मग त्यांनी रेणुकाला पाठवून महादेवप्पाला बोलावून घेतलं.

“महादेवप्पा, रंगाचे पैसे कापू नका. पूर्ण पाच हजार परत द्या. रंग मी स्वतः देऊन जाते. माझा माणूस आहे.”

महादेवप्पाचा चेहरा उजळला. तीन हजारांत हल्ली काय रंग होतो हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

“चालंल की. पन अक्का, वरवर चुना फासून मोकळं व्हऊ नका. सायेब ऱ्हानार हायेत. जुना चुना खरवडून, चिरांत पुट्टीची लांबी भरून, वर रंगाचे दोन हात मारायला पायजे.”

“दोन हात?”

“दोन. आन् रंग कंपनीचा.”

“तुम्ही म्हणाल तसं,” उमादेवी म्हणाल्या.

फुकटात मिळतंय म्हटल्यावर तो थांबणार नाही हे त्यांना माहीत होतं. तीन हात म्हणाला असता तरी त्यांनी हो म्हटलं असतं.

रंगारी व्यंकट हा पस्तिशीचा गडी, एके काळी त्यांच्याकडेच इंग्रजी शिकून दहावीला काठावर सुटलेला. रविवारी सकाळी सातला तो शिडी घेऊन आला. भिंतीवर दोनदा बोट फिरवून म्हणाला,

“बाई, हे लई जुनं हाय. सगळं खरवडायचं म्हनलं तर आजचा दीस त्यातच जातोय. वर पावसाळी हवा. लांबी वाळायला दीड दीस लागंल. मालकास्नी उद्या पायजे म्हनं. मी म्हनतो, एक हात मारून देतो झ्याक, कुनाला कळतंय?”

“मालकांनी खरवडून, लांबी भरून, दोन हात सांगितलंय.”

“मग उद्या व्हत न्हाई बाई.”

“तू काम नीट कर. व्हायचं तेव्हा होईल.”

व्यंकटनं त्यांच्याकडे पाहिलं. बाईंनी शिकवणीतही कधी असं सांगितलं नव्हतं. तेव्हा त्या घड्याळ समोर ठेवून निबंध लिहायला लावत. पण त्यानं पत्र्याची पट्टी उचलली आणि खरवडायला सुरुवात केली. दुपारपर्यंत पुढची खोली सोललेल्या बोरासारखी झाली. आणि चुन्याच्या एकावर एक थरांखाली महादेवप्पानं एकवीस वर्षं जे झाकून ठेवलं होतं ते वर आलं. कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत काळी ओल, आणि गिलावा असा की नख लावलं तरी पडावा.

चारच्या सुमारास जीप आली. साहेब इंजिनिअर होते, पण भिंत त्यांना बायकोनं दाखवली.

“अहो, हे बघा.” तिनं बोट टेकवलं आणि मुठीएवढा गिलावा खाली आला. “ह्या घरात उद्या दूध उतू घालायचं?”

महादेवप्पा धावत आला. त्याच्यामागे पार्वतम्मा.

“मॅडम, हे आत्ता वाळतंय बगा. रातभर पंखा लावतो.”

“रंग कधी होईल?” साहेबांनी व्यंकटला विचारलं.

“लांबी वाळल्यावर सायेब. मंगळवार. दुसरा हात बुधवारी.”

“बुधवारी अमावस्या,” मॅडम म्हणाल्या. “त्या दिवशी घरोघरी मातीच्या बैलांची पूजा असते. ती करायची का घर बदलायचं?”

“मॅडम, दिवसाचं काय असतंय,” महादेवप्पा म्हणाला. त्याच्या आवाजात सोमवारच्या बैठकीतला गोडवा आला. “दिवस समदे सारखेच. शुक्रवारी घाला की दूध.”

“शुक्रवारी? आषाढात?” हे मॅडम म्हणाल्या नाहीत, पार्वतम्मा म्हणाली. नवऱ्याकडे तिनं असं बघितलं की जणू त्यानं दारात बांधलेली लिंबू-मिरची तोडून टाकली असावी. “काय बोलायलात तुमी? आपल्या घरात आषाढात कुनी आजवर पाऊल टाकलंय का? तुमच्या बहिनीला घर मिळालं तवा महिनाभर धर्मशाळेत ऱ्हायली ती!”

साहेबांनी भिंतीकडे पुन्हा एकदा पाहिलं. “श्रावणात बघू,” म्हणाले आणि जीपमध्ये बसले.

उमादेवी मागच्या खोलीच्या उंबऱ्यात उभ्या होत्या. महादेवप्पा त्यांच्याकडे वळला. त्यानं हात उगारला आणि तोच कपाळावर मारून घेतला. खरवडायला त्यानंच सांगितलं होतं, लांबी त्यानं, दोन हात त्यानं, तेही रेणुकासमोर.

“रंगाचा नमुना बघता का?” उमादेवींनी विचारलं. “फिकट पिस्ता आहे.”

आषाढ लागला. महादेवप्पा दोन-तीन ठिकाणी फिरला, पण आषाढात खोली बघायलासुद्धा कुणी येईना. रिकामी ठेवली तर अठराशेही बुडतात, हे समजायला त्याला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी दारातूनच म्हणाला, “आषाढभर ऱ्हावा अक्का. मग बघू.” उमादेवींनी ते उपकारासारखं ऐकून घेतलं आणि रंगाचा वास मारणाऱ्या खोलीत शिकवणी सुरू केली. व्यंकटचे झाले पाच हजार चारशे. डिपॉझिट महादेवप्पाकडेच राहिलं.

जुलैच्या मध्यात बदल्यांची यादी आली. दरवर्षी या सुमाराला येते, तिथीपेक्षाही नेमानं. साहेब रायचूरकडे गेले. त्यांच्या जागी कोण येणार ते कुणाला माहीत नव्हतं. त्याच यादीत गल्लीतले आणखी दोन क्लार्क गेले, आणि गोठ्यातल्या सिंगल रूममध्ये आषाढाआधीच राहायला आलेला तलाठीही. फरशांची गव्हाण पुन्हा रिकामी झाली.

चोवीस जुलैला, आषाढाच्या शेवटच्या दिवशी, महादेवप्पा पार्वतम्माला घेऊन आला. सतरंजीवर बसला. या वेळी त्यानं भिंतींकडे मोजायला नाही, कौतुकानं पाहिलं.

“झ्याक झालंय की. आता ह्याचे साडेतीन तरी यायला पायजे अक्का. रंगरंगोटी झालेली खोली म्हनल्यावर...”

उमादेवींना हसू येता येता राहिलं. माणूस एवढा स्वच्छ, एवढा बिनडाग लोभी असू शकतो याचं त्यांना क्षणभर नवल वाटलं. त्याला लाज आडवी येत नव्हती, कारण तिची आणि त्याची कधी भेटच झाली नव्हती.

“रंग माझा आहे महादेवप्पा. खरवडून नेऊ का?”

पार्वतम्मा फिसकन हसली आणि लगेच डोक्यावरचा पदर सारखा करू लागली.

“अक्का, तुमी बी ना,” महादेवप्पा म्हणाला. “बरं, तीन.”

“ओल खाली आहेच. नवा साहेब आला तर मी त्याला कोपरा दाखवीन. मला इंग्रजीतही सांगता येतं.”

“अवो, दोन हजार करा आन् सोडा,” पार्वतम्मा म्हणाली. “आधीच दोन खोल्या रिकाम्या पडल्यात. दिवा तरी लागतोय हिथं.”

“बावीसशे देते,” उमादेवी म्हणाल्या. “पण बाँडवर. अकरा महिन्यांचा करार, तुमची सही. म्हणजे फुकटच्या विजेसाठी अर्ज माझ्या नावानं करता येईल. लाइटचे तीनशे यापुढे नाहीत.”

महादेवप्पानं मनात बेरीज केली. अठराशे आणि तीनशे एकवीसशे, म्हणजे शंभरच वाढले. शंभर तर शंभर. शंभराकडे पाठ फिरवणं त्याच्या हाडात नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाँड झाला. सही करण्याआधी त्यानं तो तीनदा वाचला, त्यातले दोनदा उलटा धरून, आणि बाँडचे पैसे निम्मे निम्मे करू म्हणाला. उमादेवींनी सगळे दिले.

सही करून महादेवप्पा गेल्यावर त्यांनी बाँड घडी घालून कॅलेंडरामागे ठेवला. महादेवप्पाचा त्यांना जेवढा तिटकारा वाटत होता त्यातला थोडा स्वतःकडेही वळला. आयुष्यभर ज्या पंचांगाला नाकं मुरडली त्याच्याच आडोशाला अकरा महिन्यांची जागा मिळाली होती. अकरा महिन्यांनी त्या पंचाहत्तर वर्षांच्या असतील, महादेवप्पाला पुन्हा गणित सुचेल, आणि या गावात त्यांना खोली देणारा माणूस तेव्हाही त्यांच्या मरणाचा दिवस आधी विचारील. पण हे वाटलेलं होतं, घडलेलं नव्हतं. त्यांनी वही उघडली, २५ जुलै २०२५, शुक्रवार असं लिहिलं, करार झाला, साक्षीला रेणुका, असं लिहिलं, आणि खाली एक ओळ:

गॅसची टाकी बदलली. आधीची त्रेसष्ट दिवस पुरली.